वाचकांचे प्रश्न : अक्षर, पाटी आणि उतार

प्रश्न : आमच्या वाचनालयात एक दृष्टिहीन वाचक येतात. त्यांच्यासाठी संगणकावर एनव्हीडीए हा वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला, आवाज मराठी लावला. बातम्या तो नीट वाचतो, पण आमच्याच स्मरणिकेची फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे बोलत सुटतो. दुसरा प्रोग्राम घ्यावा का?
– ग्रंथपाल, खानापूर तालुका

उत्तर : घेऊ नका, दोष फायलीत आहे. स्मरणिका बहुधा श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाली असावी. अशा फायलीत मराठी मजकूर नसतोच. आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवतो. डोळ्यांना चित्र दिसते, एनव्हीडीएला आतली अक्षरे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला तर जुना फॉन्ट, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

डीटीपी करणाऱ्याकडून पीडीएफ नको, मूळ फाइल आणि फॉन्टचे नेमके नाव मागून घ्या. एका फॉन्टचे परिवर्तन-कोष्टक दुसऱ्याला चालत नाही. रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ या तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. क्रम उलटा करताना जोडाक्षर आले की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ‘ऱ्य’ गळला तर लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. तो ‘शोधा-बदला’ने सरसकट दुरुस्त करू नका, नाहीतर सूर्य आणि कार्यही बिघडतील.

सीमाभागातल्या स्मरणिकांत कन्नड पानेही असतात. लिबरऑफिस या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये तो भाग निवडून त्याची भाषा कन्नड ठरवा आणि एनव्हीडीएच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप भाषा बदल’ सुरू ठेवा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाज-प्रणालीत मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत. आवाज यांत्रिक आहे, कानाला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे द्या.

फक्त छापील प्रत उरली असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा आणि चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामला मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या फायली जोडा. पुस्तक काचेवर सपाट दाबा. शिवणीपाशी पान वाकले की शिरोरेषा वाकते आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

एवढा खटाटोप एकदाच करायचा आहे. युनिकोडमधला एकच मजकूर ऐकायला, मोठ्या अक्षरात छापायला आणि ब्रेलमध्ये न्यायला चालतो. पुढच्या स्मरणिकेचे काम देतानाच ‘युनिकोड फाइल मिळाली पाहिजे’ ही अट घाला.

प्रश्न : धर्मादाय दवाखान्याच्या दारांवर कन्नड, मराठी आणि ब्रेल अशा पाट्या लावायच्या आहेत. ब्रेलच्या दोन वेगळ्या ओळी कराव्या लागतील का?
– एक विश्वस्त, निपाणी

उत्तर : शब्द वेगळा असेल तर हो, पण ब्रेलची अक्षरे वेगळी नाहीत. भारती ब्रेलमध्ये एका ध्वनीला एकच खूण असते, मग कागदावरची लिपी कोणतीही असो. एका अक्षराच्या घरात सहा टिंबांच्या जागा असतात : डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. ‘बेळगाव’ घ्या : ब म्हणजे टिंब १-२, ए १-५, ळ ४-५-६, ग १-२-४-५, आ ३-४-५ आणि व १-२-३-६. कन्नडमधल्या ‘बेळगावि’त पहिला ए ऱ्हस्व, म्हणून २-६, आणि शेवटी इ साठी २-४. बाकी सगळे जसेच्या तसे. मराठी ब्रेल येणारे बोट कन्नड ओळीतली अक्षरे लावू शकते. रूपांतराला लिबलुई ही मुक्त प्रणाली वापरा, तिच्यात दोन्ही भाषा आहेत.

टिंबाचा व्यास दीड मिलिमीटर, उंची अर्धा मिलिमीटर, घरातल्या दोन टिंबांच्या मध्यांत अडीच आणि शेजारच्या दोन घरांतल्या त्याच टिंबांच्या मध्यांत सहा मिलिमीटर अंतर ठेवा. त्रिमितीय छपाईत पाटी आडवी छापली तर टिंबांना पायऱ्या पडतात आणि बोटाला खरखर लागते. उभी छापा, थर ०.१ मिलिमीटरचा. वर अॅक्रिलिक बसवू नका, स्पर्शच झाकला जातो. पाटी दारावर नको. दार उघडले तर बोटे चिरडतील. कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे १.४ मीटरवर लावा. लावण्याआधी ब्रेल येणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या. उलटी बसवलेली पाटी डोळसांच्या लक्षातही येत नाही.

छापील अक्षरांसाठी नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड ही मोफत फॉन्टची जोडी घ्या. कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातले खाली लिहिलेले अक्षर) खाली लोंबते आणि देवनागरीची मात्रा वर जाते, त्यामुळे कन्नड वर आणि मराठी खाली असली की दोन्ही एकमेकांत घुसतात. मध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा. बाहेरच्या नामफलकाला ६० टक्के कन्नडचा राज्याचा नियम आहे. आखणी त्यात बसवूनच करा.

प्रश्न : मंडळाच्या सभागृहाला १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या आहेत. समोर ३ मीटरच जागा आहे. गवंडी म्हणतो, तेवढ्यात उतार होतो.
– शहापूर, बेळगाव

उत्तर : होईल, पण त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढणार नाही आणि उतरताना उलटेल. प्रमाण १ ला १२ : ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांबी हवी. वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा धरली तर ८.४ मीटर. बाजूच्या भिंतीलगत तेवढा बोळ असेल तर उतार तिकडून घ्या. नसेल तर मधे दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवून वळवा. रुंदी १.२ मीटर, दोन्हीकडे ७० आणि ९० सेंटिमीटरवर कठडे.

गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. १२० सेंटिमीटरची सरळ पट्टी उतारावर ठेवा आणि लेव्हल लावून खालचे टोक उचला. टोकाखाली १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट पडली तर उतार खडा आहे. आपल्याकडच्या पावसात गुळगुळीत शहाबादी फरशीवर शेवाळ धरते, म्हणून काँक्रीट ओले असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा. आणि उंबरा पाहा. १२ मिलिमीटरपेक्षा उंच उंबऱ्याला पुढची लहान चाके अडतात. उतार करून उंबरा तसाच ठेवला तर सगळा खर्च दारात अडकतो.

प्रश्न : असे उतार कुठे कुठे आहेत हे नकाशावर दाखवता येईल का? नाव मराठीत द्यावे की कन्नडमध्ये?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मोफत नकाशावर दोन्ही द्या. मराठी आणि कन्नड नावांना तिथे वेगवेगळे रकाने आहेत, एक भरल्याने दुसरे पुसत नाही. पाटीवर आहे तेच लिहा, दुसऱ्या नकाशातून उचलू नका, परवान्यात बसत नाही. या नकाशात माहिती भरणारे अँड्रॉइडवरचे स्ट्रीटकम्प्लीट हे अॅप चाकाच्या खुर्चीबद्दल ‘हो’, ‘मर्यादित’ किंवा ‘नाही’ असे विचारते. दाराशी ७ सेंटिमीटरपर्यंतची एकच पायरी असेल तर ‘मर्यादित’, त्याहून उंच असेल तर ‘नाही’. नोंद सार्वजनिक इमारतींचीच करा. अपंग व्यक्तीचे घर नकाशावर दाखवू नका.