जुनी ख्रिसमस गाणी कंट्री गायकाच्या आवाजात ऐकायची आहेत, कोणता अल्बम ऐकू?

विली नेल्सनचा ‘प्रिटी पेपर’ (1979). बेधडक तोच घ्या.

निर्माता बुकर टी. जोन्स; आदल्याच वर्षी या दोघांनी जुन्या लोकप्रिय गाण्यांचा ‘स्टारडस्ट’ केला होता. ‘सायलेंट नाइट’, ‘व्हाइट ख्रिसमस’, ‘जिंगल बेल्स’ ही सगळ्यांच्या कानात बसलेली गाणी इथे आहेत, पण भरजरी वाद्यवृंद नाही. विलीची नायलॉन तारांची गिटार, मिकी राफाएलचा हार्मोनिका, अशा मोजक्या वाद्यांवर भागतं. आणि विली तालाच्या किंचित मागेपुढे गातो, ओळ रेंगाळते, मग अलगद समेवर येते. म्हणून शंभरदा ऐकलेलं गाणंही पुन्हा लक्ष देऊन ऐकावंसं वाटतं.

शीर्षकगीत मात्र त्याचं स्वतःचं. फोर्ट वर्थमध्ये रस्त्यावर कागद-पेन्सिली विकणारा एक अपंग माणूस त्याच्या मनात राहिला होता, त्यावरून लिहिलेलं. 1963 मध्ये ते आधी रॉय ऑर्बिसनने गाजवलं. सणाच्या गर्दीत कुणाचं लक्ष न जाणाऱ्या माणसावरचं इतकं हळवं ख्रिसमस गाणं मला दुसरं माहीत नाही.

हा आवडला तर पुढे डॉली पार्टन आणि केनी रॉजर्स यांचा 1984 चा ‘वन्स अपॉन अ ख्रिसमस’ लावा. तो जास्त झगमगीत आहे, घरात पाहुणे असताना छान वाटेल.