जहाजाचं होकायंत्र, रेशमी रुमाल आणि इतर अर्ध्या चिठ्ठ्या

प्रश्न : दोन खोल्यांच्या एका लहानशा संग्रहालयात गेलो होतो. नाणी, कुलपं, शिवणयंत्रं आणि टाइपरायटर यांच्या गर्दीत एक काळं, गोल, थाळीएवढं यंत्र दिसलं. काचेवर दोन समांतर तारा, कडेला अंश लिहिलेली फिरती कडी, आत कसलासा द्रव आणि त्यात बोराएवढा बुडबुडा. चिठ्ठीवर लिहिलंय 'जहाजाचे होकायंत्र'. माझा मुलगा म्हणतो, हे लढाऊ विमानातलं आहे. खरं कोणाचं?

उत्तर : मुलाला शाबासकी द्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मात्र एवढ्यात वेड्यात काढू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

समांतर तारा आणि फिरती कडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर येतं ते ब्रिटिश 'पी ८' जातीचं होकायंत्र. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत ते वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, खाली बसवलेलं असायचं. मी आयुष्यभर विमानांची उपकरणं दुरुस्त केली, पण इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू बाकावर फार वेळा आली नाही. जहाजावर तबकडी फिरते आणि तिच्यावरचा आकडा वाचायचा असतो. इथे आकडा एकदाच वाचायचा. समजा २४० अंशांवर जायचंय. कडी फिरवून २४० हा आकडा पुढच्या खुणेसमोर आणायचा आणि कडी खटक्याने पक्की करायची. मग विमान एवढंच वळवायचं, की खालची सुई दोन तारांशी समांतर होईल. हातात जाड हातमोजे, समोर थरथरणारं पॅनेल, बाहेर अंधार, अशा वेळी आकडे कोण वाचत बसणार? दोन रेघा जुळल्या की काम झालं.

यात एक गोम आहे. सुई उलटी असली तरी ती तारांशी समांतरच दिसते! म्हणजे वैमानिक बरोबर उलट्या दिशेला निघाला, तरी यंत्र निमूट बसून राहणार. म्हणून शिकाऊ वैमानिकांकडून 'रेड ऑन रेड', म्हणजे लालवर लाल, असं घोकून घेत. सुईचं उत्तर टोक कडीवरच्या उत्तरेच्या खुणेशीच जुळलं पाहिजे, नाहीतर घरी परतण्याऐवजी शत्रूच्या मुलखात जाऊन उतरायची पाळी.

आता खात्री कशी करायची? समोरून बघून नाही. पाठ बघा. संग्रहालयवाल्यांची परवानगी घ्या आणि छोटा आरसा व विजेरी घेऊन यंत्राच्या बुडाशी आणि कडांवर काय कोरलंय ते टिपा. मुकुट आणि त्याखाली 'ए. एम.' ही अक्षरं असली तर तो ब्रिटनच्या एअर मिनिस्ट्रीचा शिक्का. शेजारी भांडाराचा क्रमांक असेल. त्याची सुरुवात ६ या आकड्याने आणि पुढे ए या अक्षराने होत असेल तर प्रश्नच मिटला, कारण विमानातल्या उपकरणांच्या भांडाराचा तो विभाग. त्या यंत्राचा स्वतःचा अनुक्रमांकही तिथेच सापडेल.

ही पाठ पुसू नका, अशी हात जोडून विनंती आहे. मी उमेदवारी करत होतो तेव्हा प्रशिक्षणाच्या खोलीत एक जुना उंचीमापक पडलेला होता. साहेबांवर छाप पाडावी म्हणून मी त्याची पितळी पट्टी पॉलिश लावून तासभर घासली. आरशासारखी झाली. आमच्या उस्तादांनी ती उजेडात तिरपी धरून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "छान. आता हे कुठल्या विमानाचं होतं ते तू सांग." पट्टीवर जेमतेम उमटलेला क्रमांक मी घासून टाकला होता. पन्नास वर्षं होत आली, पण त्या पट्टीची चमक अजून डोळ्यांत खुपते.

आणि ती चिठ्ठी? युद्ध संपल्यावर अशी होकायंत्रं ढिगाने विक्रीला निघाली आणि हौशी लोकांनी ती आपल्या शिडाच्या बोटींवर बसवली. रेघा जुळवण्याची सोय समुद्रावरही तितकीच कामाची. तेव्हा तुम्ही पाहिलेलं यंत्र विमानासाठी जन्मलं असेल आणि पुढची वीस वर्षं बोटीवर नांदलं असेल, हे अगदी शक्य आहे. बुडाला नंतर मारलेल्या स्क्रूची भोकं, लाकडी चौकटीचा वळ, मिठाने चढलेला पांढुरका गंज असं काही दिसतं का पाहा. दिसलं तर चिठ्ठी खोडायची नाही, तिच्यात एक ओळ वाढवायची.

बुडबुड्याबद्दल : आतला द्रव अल्कोहोलचा असतो. जुनी रबरी पट्टी सुकली की तो हळूहळू उडून जातो. भरायला जाऊ नका. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमच्या इथल्या संग्रहालयात विमानाच्या घड्याळांसारख्या तीन-चार तबकड्या आहेत. आकडे पिवळट तपकिरी झालेत. अंधारात चमकत नाहीत, म्हणजे त्यांतलं रेडियम संपलं ना?

उत्तर : नाही. ही समजूत मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे, म्हणून जरा फोड करून सांगतो.

त्या रंगात (वरच्या होकायंत्रातही तोच असायचा, म्हणून ते उघडू नका म्हटलं) दोन गोष्टी असत : रेडियम हा किरणोत्सारी धातू आणि झिंक सल्फाइड. चमकतं ते झिंक सल्फाइड, आणि त्याला सतत टोचत राहतं ते रेडियम. वर्षानुवर्षांच्या त्या टोचणीने झिंक सल्फाइडचे स्फटिक निकामी होतात आणि उजेड विझतो. रेडियमचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं. युद्धाला अजून शंभर वर्षंही झाली नाहीत, म्हणजे रेडियम जवळजवळ जसंच्या तसं आहे. दिवा गेलाय, वीज चालू आहे.

घाबरून पळायचं कारण नाही. काचेबाहेर उभं राहून दोन मिनिटं पाहण्याने काही बिघडत नाही. खरा धोका आहे तो पापुद्रे निघालेल्या रंगाचा. काच उघडली, फुंकर मारली, बोटाने आकडा चाचपला, की ती धूळ नाकातोंडात जाते. त्यामुळे काच फुटलेली तबकडी बंद पिशवीत, आणि तबकड्या ठेवलेलं कपाट हवेशीर. रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, तो कोंडलेल्या कपाटात साठतो. एकदा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, असलेल्या माणसाला बोलवून घ्यावं. दुरुस्तीच्या मोहात पडून कुणी हौशी माणूस ती उघडायला निघाला, तर त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घ्या. तो मोह मलाही होतो, म्हणून सांगतो.

प्रश्न : वस्त्रांच्या दालनात नकाशा छापलेला एक रुमाल आहे, 'स्त्रियांचा शोभेचा रुमाल' अशा नावाने. दोन्ही बाजूंना वेगवेगळे नकाशे आहेत. शोभेच्या रुमालावर कुणी रेल्वेमार्ग कशाला छापेल?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. शोभेसाठी फुलं छापतात, रेल्वेमार्ग नाही.

हा बहुधा सुटकेचा नकाशा आहे. ब्रिटनने १९३९च्या डिसेंबरमध्ये 'एमआय ९' नावाची लष्करी गुप्तवार्ता शाखा काढली. शत्रूच्या मुलखात पडलेल्या वैमानिकांना आणि युद्धकैद्यांना परत आणायचं हे तिचं काम. तिथल्या क्लेटन हटन या कल्पक गृहस्थांनी नकाशे रेशमावर छापून घेतले. कागद झडतीत खुळखुळतो, भिजला की लगदा होतो, घडीवर फाटतो. रेशमाचा आवाज नाही, मुठीत मावेल एवढी घडी होते, कोटाच्या अस्तरात शिवता येतं. पण रेशमावर शाई पसरते आणि बारीक नावं पुसट होतात. त्यावर तोडगा निघाला पेक्टिनचा! जॅम घट्ट करणारं तेच पेक्टिन शाईत मिसळलं आणि रेघा जागच्या जागी बसल्या. पुढे रेशीम कमी पडलं तेव्हा रेयॉनवरही, म्हणजे कृत्रिम रेशमावरही, नकाशे निघाले.

आणि पुन्हा तीच गंमत. युद्धानंतर कापडाची टंचाई होती, उरलेले नकाशे विकले गेले आणि बायकांनी त्यांचे रुमाल, झगे, अगदी आतले कपडेसुद्धा शिवले. तेव्हा कड नीट पाहा. कड नुसती कापलेली आहे की कुणी हाताने दुमडून, बारीक टाके घालून शिवली आहे? शिवली असेल तर तो खरोखरच कुणा बाईचा रुमाल आहे. त्या टाक्यांचा फोटो नकाशाच्या फोटोइतकाच जपा.

रेशीम की रेयॉन हे ओळखायला एक धागा जाळून वास घ्या, असा सल्ला कुणीतरी देईलच. देणाऱ्याला नमस्कार करा आणि काडेपेटी लांब ठेवा.

प्रश्न : गोदामाच्या छपरातून काढलेला म्हणून ॲल्युमिनियमचा एक पत्रा मांडलाय. रिव्हेटची भोकं ओळीने आहेत, आतल्या बाजूला हिरवट रंग आणि पुसट छापील अक्षरं. विमानाचा असेल?

उत्तर : अक्षरांत 'अल्क्लॅड' आणि '२४ एस-टी' असं वाचता आलं, तर अमेरिकी विमानाच्या कातडीची शक्यता चांगली. ड्युरालुमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, म्हणजे अल्क्लॅड. आतला मिश्रधातू ताकद देतो, बाहेरचा थर गंज अडवतो. हिरवट रंग बहुधा झिंक क्रोमेटचा, तो घासू नका, विषारी असतो. विमान कोणतं, हे एका पत्र्यावरून सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

छपरावर गेलं म्हणून त्याला कमी लेखू नका. कानपूरला युद्धाअखेर टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उभी केली, चाळीसच्या आसपास. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली. जगात इतर ठिकाणी लिबरेटर भंगारात वितळली, आणि मग परदेशी संग्रहालयांना एखादं लिबरेटर हवं झालं तेव्हा त्यांतली काही आपल्याकडून गेली. भंगार आणि ठेवा यांच्यातलं अंतर कधी कधी एका पान्याएवढंच असतं.

प्रश्न : कपाटात बंदुकीच्या मोठ्या गोळ्या आहेत, टोकासकट. मुलं हातात घेतात.

उत्तर : आजच थांबवा. विमानातल्या २० मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांत स्फोटक भरलेलं असू शकतं, आणि ते जुनं झालं म्हणून शहाणं होत नाही. हलवू नका, खोली रिकामी करा, पोलिसांना कळवा. ओळख पटवण्याचं नंतर बघू.

प्रश्न : चूक दिसली तरी संग्रहालयाला सांगायचं कसं? मी एकदा सांगितलं तर तिथले गृहस्थ चिडले.

उत्तर : तिकिटाच्या खिडकीवर, चार लोकांसमोर सांगितलंत का? मग मीही चिडलो असतो. अशा ठिकाणी बहुतेक वेळा एकच माणूस कुलूप उघडतो, झाडतो आणि चिठ्ठ्याही लिहितो. एक पानभर पत्र लिहा, फोटो जोडा आणि 'चूक' हा शब्द टाळा. चिठ्ठी बदला असं म्हणण्याआधी आवकेची नोंदवही बघायला मागा. वस्तू कधी आली, कुणी दिली, देणाऱ्याने काय सांगितलं, हे तिथे असतं. 'भंगारातून' एवढा एकच शब्द असला तरी तारखेसकट उतरवून घ्या.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर समोरचा नको. मागचा पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून.