आरोग्य व्यवसायांच्या कायद्यांमुळे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या एकत्र कामावर काय परिणाम होतो?

बराच होतो, पण कायदा कसा लिहिलाय त्यावर सगळं अवलंबून. जुन्या धाटणीचे कायदे अख्खं क्षेत्रच एका व्यवसायाच्या हवाली करतात. मग इतरांना तिथे काही करायचं तर डॉक्टरच्या आदेशाखाली. याला टीमवर्क म्हणणं जरा धाडसाचंच.

कॅनडातल्या ऑंटॅरियोने १९९१ च्या कायद्यात वेगळी वाट धरली. निदान सांगणं, त्वचेखाली छेद देणं, औषध लिहून देणं अशा जोखमीच्या कृतींची यादी केली. एकच कृती अनेक व्यवसायांना करता येते, आणि अधिकार असलेली व्यक्ती ती अटींवर दुसऱ्याकडे सोपवूही शकते. पुढे इतर व्यवसायांशी सहकार्य वाढवणं हे नियामक संस्थांचं कामच ठरवलं गेलं.

माझ्या मते खरी गोम जबाबदारीत आहे. चूक झाल्यास उत्तर कोण देणार हे स्पष्ट नसेल, तर डॉक्टर काम सोपवायला कचरतो आणि नर्स ते घ्यायला. गोपनीयतेचं कारण पुढे करून माहितीही अडवली जाते. खरं तर उपचार करणाऱ्यांनी ती आपसात देण्याची मुभा बऱ्याच कायद्यांत असतेच. ती कलमं कोणी वाचत नाही, एवढंच.