डब्ल्यूडब्ल्यूई खोटी असते हे माहीत असूनही लोक ती का बघतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षांचा मुलगा दिवसभर डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती, बघतो, सगळं आधी ठरलेलं असतं हे सांगूनही ऐकत नाही. मोठी माणसंसुद्धा हे का बघतात, आणि हा खऱ्या कुस्तीचा अपमान नाही का?

मी त्या मोठ्या माणसांपैकी एक. वय बेचाळीस, गाव कोल्हापूर जिल्ह्यात. घरात केबल आली तेव्हापासून बघतोय. त्या वेळी आम्ही मुलं त्यातल्या पैलवानांची ट्रम्प कार्ड खेळायचो: रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप. अंडरटेकर नावाचा पैलवान सात वेळा मरून परत जिवंत झालाय यावर वर्गातल्या कुणालाही शंका नव्हती. मास्तरांनासुद्धा नसावी.

शंका होती ती फक्त आमच्या आबांना. आबा म्हणजे आजोबा. तरुणपणी तालमीत राहिलेले, दोन्ही कान मोडून गोळा झालेले. एका संध्याकाळी चंची सोडून तंबाखू मळत ते खाटेवर बसले होते आणि मी टीव्हीला नाक लावून. पडद्यावर एकानं दुसऱ्याला डोक्यावरून उचलून मागं आपटला. आबा म्हणाले, "त्यो उचलत न्हाई रं. ह्योच उडी मारतोय बघ." मी चिडलो. पुढच्या वेळी नीट बघितलं, तर खरंच, वर जाणाऱ्यानं आधी गुडघे वाकवले होते. माझं तोंड पडलेलं बघून आबांना दया आली असावी. म्हणाले, "पर पडतोय कसा बघ. हनुवटी छातीला लावली का न्हाई? शिकल्यालं पोरगं हाय." मग तंबाखू दाढेला धरून त्यांनी निकाल दिला: "नुरा हाय. पर नुरा म्हणून सांगून लावल्याली नुरा हाय."

माझं उत्तर खरं तर यातच आलं.

नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून लावलेली कुस्ती, हा शब्द तुम्ही बहुधा राजकारणाच्या बातम्यांत वाचला असेल. आमच्याकडं तो शिवीसारखा वापरतात. जत्रेचं मैदान असतं, लोक दुपारपासून उन्हात बसलेले असतात. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या होतात, मग शे-पाचशेच्या, मग हजारांच्या, आणि दिवस बुडायला आला की मोठी जोड. हलगी कडाडते, पुकारणारा दोघांच्या वस्तादांची नावं घेतो. आणि ते दोघं वीस मिनिटं नुसती खडाखडी करतात. मानेवर हात, मनगटाला हिसका, परत मानेवर हात. पट कुणी काढत नाही, ढाक कुणी लावत नाही, खरा डावच नाही. इनाम वाटून घ्यायचं आधीच ठरलेलं असतं. शेवटी पंच बरोबरीत सोडवतात आणि लोक वाहाणा हातात घेतात. राग कुस्ती ठरलेली होती म्हणून नसतो. ठरलेली असून खरी म्हणून दाखवली, याचा असतो.

डब्ल्यूडब्ल्यूईवाल्यांनी हे केव्हाच उघड करून टाकलंय. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात डब्ल्यूडब्ल्यूईचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमहन याच्या कंपनीनं सरकारला स्वतःच सांगितलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. कारणही मजेशीर होतं. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा मंडळाची देखरेख आली, कर आला. म्हणजे कर वाचवण्यासाठी त्यांनी खरं सांगितलं! त्यामुळं तुमच्या मुलाला 'हे खोटं आहे' असं सांगून तुम्ही त्याला काही नवीन सांगत नाही. त्याला ते तुमच्याआधी कळलेलं असणार.

माझं आजोळ कोकणातलं. तिकडं दशावतारात संकासुर येतो, नारायण येतो, लढाई होते. संकासुर मरणार हे पुढं बसलेल्या चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. तरी गावकरी पहाटेपर्यंत बसतात, कारण मरणार हे ठरलेलं असलं तरी कसा मरणार ते त्या रात्रीच्या नटाच्या अंगात असतं. अंडरटेकरचं मला तसंच वाटायचं. दिवे गेले, घंटा वाजली, की आमच्या सोप्यात पिन पडली तरी ऐकू आलं असतं. २०१४ साली रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, ब्रॉक लेस्नरनं त्याला हरवलं आणि तिथली त्याची सलग एकवीस विजयांची मालिका तुटली. माझं लग्न झालेलं होतं तेव्हा. बायकोनं विचारलं, कोण गेलं का?

आता 'खोटी' म्हणजे नक्की काय खोटं? निकाल ठरलेला असतो आणि शेवट कसा करायचा तेही ठरतं. मधलं बरंचसं दोघं कानात कुजबुजत जुळवतात. पंचाच्या कानात यंत्र असतं, वेळ कमी उरली की त्याला आतून सांगतात आणि तो दोघांना सांगतो. ठोसा मारताना पाय जोरात आपटतात, म्हणजे आवाज येतो. पण रिंगणाच्या त्या पांढऱ्या कापडाखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंड असतं. रात्रीमागून रात्री त्यावर पाठ आपटायची. आमच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती लोण्यासारखी मऊ करतात. पडायचंच झालं तर मी मातीत पडेन.

२८ जून १९९८ ला मिक फोली, म्हणजे आमचा मॅनकाइंड, सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून समालोचकांच्या टेबलावर पडला. ते ठरलेलं होतं. स्ट्रेचरवरून उठून तो परत वर चढला, आणि मग टपाची जाळी तुटून थेट आत आदळला. ते ठरलेलं नव्हतं. त्याचा दात तुटून नाकाच्या बाजूला घुसला आणि कॅमेऱ्यात तो रक्ताळलेल्या तोंडानं हसताना दिसतो. याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता भक्ती बाजूला ठेवून बोलतो, कारण या धंद्यात चीड येण्यासारखं पुष्कळ आहे. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या पैलवानाला छतावरून दोरीनं खाली सोडायचं होतं. हूक सुटला, तो रिंगणात कोसळला आणि त्यातच मेला. त्याला बाहेर नेलं आणि कार्यक्रम पुढं चालू ठेवला. मृत्यू प्रेक्षकांना जाहीर केला तो टीव्हीवर, हॉलमध्ये बसलेल्यांना सांगितलंही नाही. शिवाय ही मंडळी कागदोपत्री कंपनीची नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. संघटना नाही, नोकराला मिळतो तसा आरोग्यविमा नाही. आमच्या तालमीतल्या पोरांचं याहून बरं आहे असं नाही, पण तिथं निदान अब्जावधी डॉलर कुणी कमवत नाही.

आणि एकदा तर डब्ल्यूडब्ल्यूईतही खरीखुरी नुरा झाली. तेव्हा नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. तेव्हाचा विजेता ब्रेट हार्ट कंपनी सोडून चालला होता आणि मायदेशी कॅनडात विजेतेपदाचा पट्टा हरायला तयार नव्हता. त्याला एक शेवट सांगितला गेला आणि घडवला दुसराच. समोरच्या शॉन मायकल्सनं त्याचाच डाव त्याच्यावर लावला आणि तो काही कबूल करायच्या आत विन्सनं घंटा वाजवायला लावली. ब्रेट मालकाच्या तोंडावर थुंकला. निकाल ठरवायचा तो दोघा पैलवानांना सांगून, आणि इथं पैलवानालाच फसवलं. आबा असते तर वाहाण त्यांनी सोडली नसती.

राहिला 'खऱ्या कुस्तीचा अपमान'. हा अपमान डब्ल्यूडब्ल्यूई करते असं मला मुळीच वाटत नाही, त्यासाठी आपली माणसं पुरेशी आहेत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं तेव्हा ते गेले, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला पैलवानांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. त्यांनी ते नाकारले आणि प्रकरण कोर्टात गेलं. खरं-खोटं कोर्ट बघेल. पण २८ मे ला, नव्या संसद भवनाचं उद्घाटन होत असताना, ऑलिंपिक पदक जिंकलेल्या मुलीला पोलीस रस्त्यावरून फरफटत नेतात हे मी डोळ्यांनी बघितलं. त्याच वर्षी डिसेंबरात साक्षीनं पत्रकारांसमोर टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला विनेशनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, अंतिम फेरीत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरल्यामुळं बाद झाली. नियम तो नियम, मी नियमाशी भांडत नाही. पण त्या रात्री केस कापून, घाम काढून जे चाललं होतं, ते कुणी कथानक म्हणून लिहिलं असतं तर आम्हीच म्हणालो असतो, जरा अति होतंय.

घरचं बघायचं तर २०२५ च्या महाराष्ट्र केसरीला अहिल्यानगरात शिवराज राक्षेनं पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत चितपटचा निकाल मान्य नाही म्हणून पंचाला लाथ घातली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही भांडून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाला लाथ घालणं चूकच. पण मैदानात लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते, कारण पंचाच्या निकालावर कुणाचा विश्वासच राहिलेला नाही. डब्ल्यूडब्ल्यूईत पंचाला दर सोमवारी मार बसतो आणि त्याचा पगारही होतो.

चालू घडामोडींबद्दल दोन शब्द, कारण हा खेळ बघणाऱ्याला बातम्या वेगळ्या दिसतात. २००७ च्या रेसलमेनियात डोनाल्ड ट्रम्पनं रिंगणात विन्स मॅकमहनचं डोकं भादरलं. २०१३ ला ट्रम्प त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. आज विन्सची बायको लिंडा मॅकमहन त्याच्या सरकारात शिक्षणमंत्री आहे. त्याची भाषणं ऐकताना मला नेहमी रिंगणातल्या माईकची आठवण येते: समोरच्याला टोपणनाव द्यायचं, तेच दहा वेळा म्हणायचं, टाळी मिळो नाहीतर शिवी, शांतता नको. आपल्याकडच्या रात्री नऊच्या चर्चाही तशाच. फरक इतकाच की कुस्तीवाले आम्हाला सांगून करतात.

भारतीय म्हणून अभिमान वगैरे मला खास वाटला नाही. खलीला कुस्ती येत नव्हती, पण सात फुटांचा माणूस चालत आला की पोरं खूश, तेवढं पुरे. भारतीय वंशाच्या जिंदर महलला २०१७ मध्ये पट्टा दिला तो आपल्या बाजारपेठेकडं बघून. आणि त्याच डिसेंबरात दिल्लीत, आपल्याच लोकांपुढं, त्याला ट्रिपल एच या पैलवानाकडून हरवला. बाजारपेठसुद्धा नीट सांभाळता आली नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये जॉन सीनाची शेवटची कुस्ती झाली. कित्येक वर्षं 'हार मानू नका' असं छातीवर लिहून फिरलेला माणूस गुंथर नावाच्या पैलवानाच्या पकडीत हसला आणि हात आपटून हार मानली. माझा पुतण्या रडला. मला त्या हसण्याचा राग आला आणि दोन दिवसांनी आवडलंही. अजून ठरत नाहीये.

मुलाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. बघू द्या. फक्त कॉटवर चुलतभावाला उचलून आपटायचं नाही हे बजावून ठेवा. मी आठवीत तो उद्योग केलाय, माझी हासळी मोडली आणि भावानं टाके घेतले. आणि चैत्रात जत्रा सुरू झाल्या की एक दिवस त्याला घेऊन या इकडं. कोल्हापूरच्या खासबागला मोठं मैदान असलं तर उत्तमच. शाहू महाराजांनी ते बशीसारखं खोलगट बांधून घेतलंय, कुठंही बसलात तरी कुणाच्या डोक्याची अडचण होत नाही. पण खेड्यातलं मैदान पहिलं दाखवा. दुपारी लवकर या, नारळाच्या कुस्त्या चुकवू नका, त्याच्या वयाची पोरं तिथंच असतात. आणि हलगीवाल्याच्या शेजारी बसू नका, दोन दिवस कानात दुसरं काही शिरत नाही.