बाग दिवेलागणीनंतरची : वाचकांचे प्रश्न

ताई, घराचं बांधकाम आटोपलं. पुढे तीस बाय चाळीस फूट जागा आहे. मुलगा पुण्याला असतो, त्याला तिथे लॉन हवंय. आपल्या उन्हात टिकेल का? — एक वाचक, भुसावळ

टिकेल, काका. रोज पाणी पाजलं तर काहीही टिकतं. पण मे महिन्यात त्या लॉनवर बसणार कोण आणि कधी? सकाळी नऊनंतर भुसावळच्या अंगणात कुत्रंसुद्धा थांबत नाही. आपण बाहेर येतो ते दिवस मावळल्यावर, खाट टाकून. म्हणून खान्देशात बाग आखायची असली की मी घरच्यांना पहिल्यांदा एवढंच विचारते, रात्री तुम्ही कुठे बसता? झाडांचं मग बघू.

पश्चिमेच्या कुंपणाशी एक निंब लावा. मार्चच्या सुमारास त्याला नवी पालवी येते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात अंगभर पानं. गुलमोहर दिसायला देखणा, पण सावली हवी तेव्हा बराचसा उघडा, आणि वादळात त्याच्या फांद्या कडाकडा मोडतात. हा मूळचा मादागास्करचा पाहुणा मला रस्त्याकडेला आवडतो, घराला खेटून नाही. निंबही भिंतीपासून निदान वीस फूट लांबच ठेवा. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. त्यात मुळांनी पायाजवळची ओल ओढली की भिंतींना तडे जातात.

पेव्हर ब्लॉक नकोतच. दिवसभर तापतात आणि आपण बाहेर बसलो की ती धग परत देतात. थोडं अंगण मातीचंच राहू द्या, संध्याकाळी सडा मारला की गारवा येतो. खाटेच्या आजूबाजूला मोगरा, तगर, रातराणी. लाल फुलांशी माझं वैर नाही हो, पण अंधारात ती दिसतच नाहीत. पांढरी दिसतात, वासही येतो. मोगरा थंडी सरता सरता छाटा, म्हणजे उन्हाळ्यात कळ्यांनी भरेल. आणि हो, निंब वाढला की एक दणकट आडवी फांदी राखा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नातींचा झोका कुठे बांधणार? माळ्याला आधीच बजावून ठेवा, त्यांचा कोयता थांबत नाही.

अनंताची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. खत घालून थकले. — एक गृहिणी, चोपडा

वहिनी, खत कमी पडलेलं नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर, त्यात बोअरचं जड पाणी. जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. कुंडीत पालापाचोळ्याच्या खताची हलकी माती करून त्यात लावा, पावसाचं साठवलेलं पाणी घाला, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, पानांवर फवारा. मी स्वतः एवढा खटाटोप करत नाही. पारिजातक लावते.

बोगनवेलीला पानंच पानं, फूल नाही. — एक वाचक, शहादा

पाणी तोडा. युरिया देत असाल तर तोही.

तुमच्या स्वतःच्या बागेत काय आहे? — एक वाचक, धुळे

दाखवण्यासारखं फार नाही. एक करंज, त्याच्याखाली खाट. कढीपत्ता न्हाणीच्या पाण्यावर वाढलाय. कुंपणाला अडुळसा, कारण बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. सिमेंटचे बगळे आणि हरणं मात्र मला कुणी फुकट दिली तरी नकोत.

गच्चीवरच्या कुंड्या रोज पाणी घालूनही मे महिन्यात जळतात. — एक वाचक, अमळनेर

दादा, त्या मुळांपासून भाजतात. काळं प्लास्टिक आणि खाली तापलेला स्लॅब. मातीच्या कुंड्या घ्या, त्यांच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि मुळं गार राहतात. कुंड्या विटांवर आणि घोळक्याने ठेवा, सुट्या मांडू नका. वर पन्नास टक्क्यांची शेडनेट, मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत. मातीवर केळीच्या वाळल्या पानांचं जाड आच्छादन घाला, तिकडे त्यांना काय तोटा! पाणी उजाडताना घाला. संध्याकाळी घालायचं झालं तर पाइपातलं पहिलं पाणी बादलीत काढून ठेवा, ते हाताला चटका देतं. नवी रोपं मृगाचा चांगला पाऊस झाल्यावरच आणा. तुळस तोवर खाली उतरवा, जिन्याच्या सावलीत.