शेवट ठरतो मायन्यावरून

प्रश्न : सोसायटीतर्फे ठाणे महापालिकेला पाण्याबद्दल इंग्रजीत पत्र द्यायचं आहे. शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहायचं की ‘युअर्स सिन्सिअरली’? दोन्ही शब्द कॅपिटलने सुरू करायचे का? मजकुरातही ‘सोसायटी’, ‘सेक्रेटरी’ कॅपिटलनेच हवं, असं काही सभासदांचं म्हणणं आहे.
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : आधी मायना बघा. ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ असेल, म्हणजे अधिकाऱ्याचं नाव घातलेलं नसेल, तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’. ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे आडनाव असेल, तर ‘युअर्स सिन्सिअरली’. ही ब्रिटिश रीत आपल्या कार्यालयांत रुळलेली आहे. ‘सर’ आणि ‘सिन्सिअरली’ हे दोन एस एका पत्रात येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवलं तरी चुकणार नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ आपल्याकडे चालतं, पण ‘डिअर सर’मध्ये सलगी नाही, आयुक्तांनाही ते बिनधास्त लिहा.

शेवटच्या ओळीत फक्त ‘युअर्स’चा वाय कॅपिटल, ‘फेथफुली’चा एफ लहान. शेवटी स्वल्पविराम. इथे सर्वांत जास्त चुका होतात त्या ‘युअर्स’मध्ये : एसच्या आधी वर स्वल्पविरामासारखं चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) देतात, ते नको. ‘फेथफुली’त शेवटी दोन एल आणि वाय, ‘सिन्सिअरली’त एलच्या आधीचा ई गाळू नका. संगणकावर ‘युअर्स’नंतर एंटर दाबलात, तर पुढचा एफ आपोआप कॅपिटल होऊ शकतो, म्हणून दोन्ही शब्द एकाच ओळीत टाइप करा.

‘थँकिंग यू’ हे अर्धवट वाक्य आहे. जुन्या पत्रांत ते ‘आय रिमेन, युअर्स फेथफुली’ला जोडून येई. आता ‘थँक यू’ लिहून पूर्णविराम द्या.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून आपण कॅपिटल आदरासाठी वापरू लागतो. इंग्रजीत ते नावासाठी असतं. सोसायटीचं पूर्ण नाव लिहिताना प्रत्येक मुख्य शब्द कॅपिटलने. पुढे नुसतं ‘आमची सोसायटी’ म्हणताना एस लहान. महापालिकेचंही तसंच. ‘ठाणे वेस्ट’ पत्त्यात आलं तर डब्ल्यू कॅपिटल, ‘स्टेशनच्या पश्चिमेला’ म्हणायचं तर लहान. ‘घोडबंदर रोड’मधला आर कॅपिटल. वार आणि महिने नेहमी कॅपिटलने, उन्हाळा-पावसाळा लहान अक्षराने. पिन कोडमधली पी, आय, एन ही तिन्ही कॅपिटल, कारण तो पोस्टल इंडेक्स नंबरचा संक्षेप आहे.

‘युअर्स फेथफुली’खाली सहीसाठी तीन-चार ओळी मोकळ्या ठेवा, मग नाव, त्याखाली हुद्दा. सचिव मानद असतील तर ‘ऑन. सेक्रेटरी’ लिहा, दोन्ही शब्द कॅपिटलने, पहिल्यापुढे टिंब. हा ‘ऑनररी’चा संक्षेप, म्हणजे मानद. माननीय या अर्थाने तो स्वतःच्या नावाआधी लावू नये.