मुलगा पुण्यात, पैसे उदगीरहून

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि वहीच्या पानावर आखून पाठवलेला चार महिन्यांचा हिशेब मिळाला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजी उदगीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. मुलगा यंदा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कॉलेजच्याच होस्टेलवर. होस्टेलची वर्षाची फी घरून भरली आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये त्याने अकरा वेळा पैसे मागितले, एकूण ३८,६०० रुपये गेले. खानावळीचे १३,६०० वजा केले तर उरलेले २५,००० गेले कुठे, हा गुरुजींचा प्रश्न. विचारलं की मुलगा चिडतो. म्हणून दिवाळीनंतर त्यांनी मोबाइलच्या दुकानातून यूपीआय सर्कल सुरू करून घेतलं. आता मुलगा खर्च करतो तो वडिलांच्या खात्यातून, आणि दर वेळी वडिलांनी पिन टाकला तरच पैसे जातात. तेव्हापासून मुलाचे घरी फोनच कमी झालेत. 'महिन्याला नेमके किती द्यावेत, आणि मोकळं सोडलं तर बिघडेल का?' असं त्यांनी विचारलंय.

आकडा सांगतो गुरुजी, पण आधी ते सर्कल बंद करा.

तुम्हीच लिहिलेला प्रसंग बघा. तुम्ही चौथीच्या वर्गावर, फोन सायलेंट करून टेबलाच्या खणात. तिकडे तो झेरॉक्सच्या दुकानात चाळीस रुपयांच्या प्रिंट हातात घेऊन उभा, मागे पोरांची रांग, सबमिशन अर्ध्या तासावर. तुमची मंजुरी आली नाही, शेवटी पैसे मित्राने भरले. उधारीची सवय लागू नये म्हणून तुम्ही ही व्यवस्था केलीत आणि त्याची पहिली उधारी त्या व्यवस्थेनेच झाली. सर्कलमध्ये पूर्ण अधिकार देण्याचीही सोय आहे, महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. त्यात दर वेळी पिन लागत नाही. पण प्रत्येक वडापावाची खबर तुमच्या फोनवर येतच राहते, आणि खबर आली की विचारल्याशिवाय राहवत नाही. आजारी आजोबांना औषधं आणायला ही सोय चांगली आहे. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं बचत खातं हवं, त्याच्याच मोबाइल नंबरला जोडलेलं.

आता ते २५,०००. तुमच्या हिशेबात रकमा आहेत, तारखा आहेत, कारणं तुटक आहेत. पुण्यात शिकणाऱ्या मुलांचा खर्च जवळून पाहतो, त्या अंदाजाने रिकाम्या जागा भरतो. पहिल्या महिन्यात बादली, गादी, कुलूप, मच्छरदाणी, एक्स्टेन्शन बोर्ड, वर्कशॉपचा एप्रन, ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, खानावळीचं डिपॉझिट. साडेपाच हजार सहज. खानावळ दोन वेळची आहे, नाश्ता त्यात नाही. पोहे आणि चहा चाळीस रुपये रोज धरले तर चार महिन्यांचे ४,८००. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री खानावळ बंद. हे पुण्याबाहेरच्या पालकांना माहीतच नसतं. सतरा रविवार, दीडशेच्या हिशेबाने २,५५०. चौऱ्याऐंशी दिवसांचा रिचार्ज दोनदा, १,८००. गणपती आणि दिवाळीला गावी येणं-जाणं ३,५००, कारण तो ऐन वेळी ट्रॅव्हल्सने आला. प्रिंट, फाइली, जर्नल, स्पायरल बाइंडिंग मिळून २,०००. साबण, कपडे धुणं, इस्त्री, केस कापणं महिन्याला पाचशे, म्हणजे आणखी २,०००.

बेरीज २२,१५० झाली. उरले २,८५०, महिन्याला सातशेच्या आसपास. मित्राचा वाढदिवस, एखादा सिनेमा, रात्री जागून अभ्यास करताना खाल्लेली मॅगी, सगळं त्यात. माझा अंदाज पाच-सातशेने इकडेतिकडे होईल, पण तुमचा मुलगा उधळ्या आहे असं या कागदावरून मला दिसत नाही. त्याला हिशेब सांगता येत नाही, कारण पैसे कधीच एकदम हातात आलेले नाहीत. अकरा वेळा मागून मिळालेल्या पैशांचं नियोजन कोण करणार? मागायचं, वापरायचं, संपलं की पुन्हा मागायचं. चिडण्याचं मूळही तिथेच असावं. दर मागणीला कारण द्यावं लागतं, आणि रविवारच्या जेवणाचं कारण सांगायला कुणालाही लाज वाटते.

तर आकडा. खानावळ ३,४००, नाश्ता १,२००, रविवारच्या रात्री ६००, साबण-इस्त्री ५००, आणि १,००० पूर्ण त्याचे. झाले ६,७००. सात हजार द्या. रोजची बस लागत नाही म्हणून एवढ्यात भागेल. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, पेठेत राहून लांबच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं गणित वेगळं, त्याला पासाचे पैसे आणि भाडं धरावं लागतं.

हे सात हजार एकाच तारखेला, एकरकमी, न मागता जमा व्हायला हवेत. तुमचा पगार एक तारखेलाच होतो असं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून दहा तारीख धरा आणि बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन टाका, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप जातील. आठवड्याला थोडे थोडे द्यावेत असं काही पालकांना वाटतं. पहिला एखादा महिना ठीक आहे, त्यापुढे नको. खानावळवाला महिन्याचे पैसे एकदम घेतो. आणि पंधरा तारखेला खिशात तीन हजार असताना पंचवीस तारखेचा विचार करणं, नेमकी हीच गोष्ट त्याला शिकायची आहे. नोकरी लागलेल्या मुलांचा पहिला पगार वीस दिवसांत संपतो तेव्हा पालक माझ्याकडे येतात. तोवर मुलगा बावीसचा झालेला असतो आणि रकमेला एक शून्य जास्त असतं.

तेवीस तारखेलाच पैसे संपले तर? पहिले एक-दोन महिने संपतीलच. खानावळ आधी भरलेली असेल तर तो उपाशी राहणार नाही, एवढी खातरी करून घ्या आणि थांबा. अगदीच अडला तर उचल द्या, हजार-दीड हजार, पण ती पुढच्या महिन्यातून वळती करा. त्या वेळी भाषण नको. आईने गुपचूप पाचशे पाठवणंही नको. हे वहिनींना तुम्हीच सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

काही खर्च मात्र या सात हजारांत घालू नका. रिचार्ज आणि गावी यायच्या तिकिटाचे पैसे तुम्ही वेगळे द्या. मुंबई-बिदर गाडी पुण्यावरून उदगीरला येते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशे वीस नाही. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की तारीख मोजून तिकीट काढायला त्यालाच सांगा, पैसे तुम्ही द्या. ऐन सणाच्या ट्रॅव्हल्सपेक्षा पुष्कळ वाचतील. एक बारीक गोष्ट: सुट्टीला येताना खानावळीत खाडे लावायचे असतात. बऱ्याच ठिकाणी सलग तीन-चार दिवस नसल्याचं आधी सांगितलं तर पैसे वजा होतात, न सांगता गेलं तर होत नाहीत. गणपती-दिवाळीचे खाडे त्याने लावले होते का, विचारा. लावले नसतील तर रागावू नका, पुढच्या वेळी लावेल.

दुसरा वेगळा पैसा अभ्यासाचा, आणि मार्गदर्शक म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांच्या टीम असतात. बाहासारख्या स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या, रोबोटिक्सच्या. त्यात वर्गणी असते. पेपर प्रेझेंटेशनला नोंदणी फी असते, सेन्सर आणि बोर्ड विकत घ्यावे लागतात. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपच्या मुलाखतीत याच कामांबद्दल विचारतात. आणि घरी मागायचा संकोच असलेली मुलं सगळ्यात आधी हेच सोडून देतात. सिनेमाचे पैसे कसेबसे निघतात, टीमच्या वर्गणीला 'मला इंटरेस्ट नाही' असं सांगून मोकळी होतात. पालकांना वाटतं मुलगा काटकसरी आहे. तेव्हा प्रत्येक सत्रासाठी पाच-सहा हजार बाजूला ठेवा. त्यातून खर्च करताना त्याने तुम्हाला सांगायचं, विचारायचं नाही. सत्र संपल्यावर या पैशाचा हिशेब जरूर मागा, आणि तो ऐकताना सेन्सर म्हणजे काय तेही विचारा. तुम्ही शिक्षक आहात, तो आनंदाने सांगेल.

सात हजारांचा हिशेब मात्र मागू नका. त्याने स्वतः लिहावा, वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये. मे महिन्यात घरी आला की एकदाच बसा आणि पुढच्या वर्षाची रक्कम दोघांनी मिळून ठरवा. 'साडेसात हवेत' असं तो म्हणाला तर कारण त्याने मांडायचं. पगाराची बोलणी पुढे अशीच करायची असतात.

'बिघडेल का' या प्रश्नाचं खरं उत्तर रकमेत सापडत नाही. मी पाहतो त्या तीन खुणा सांगतो. रात्री उशिरा, एकदम मोठी आणि गोल रक्कम मागणं. अनोळखी नंबरवरून घरच्यांना वसुलीचे फोन येणं, म्हणजे त्याने कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपला तुमचे नंबर दिलेत. आणि 'पैसे दुप्पट' ही भाषा. पैशांवरचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झाले, पण होस्टेलच्या खोल्यांमध्ये आता ऑप्शन ट्रेडिंगचं, म्हणजे शेअर बाजारात भावांच्या चढउतारावर पैसे लावण्याचं, वेड आहे आणि ते अभ्यासासारखं दिसतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात गेले होते. हा आकडा त्याला आत्ताच, काही घडायच्या आधी, गप्पांच्या ओघात सांगून ठेवा. आणि एक वचन द्या: पैशाची चूक स्वतःहून सांगितलीस तर पहिल्या दिवशी ओरडणार नाही. पाळायला अवघड आहे, माहीत आहे.

कमवायला लावावं का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. पहिल्या वर्षी नको, गणित आणि ग्राफिक्समध्येच जीव जातो. दुसऱ्या वर्षापासून कॉलेजात कमवा आणि शिका योजना असेल तर लायब्ररीत किंवा ऑफिसात थोडे तास काम करावं. दहावीच्या मुलाची शिकवणीही चांगली. रात्री बाइकवरून पार्सलं पोचवण्याच्या कामाला माझा विरोध आहे. त्यात पैसे जास्त मिळतात, आणि सकाळचं लेक्चर जातं.

तुमच्यासारखा पगार नसलेल्या पालकांसाठी दोन ओळी. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलला साहित्यासाठी ५,००० वेगळे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पैसे मुलाच्या आधार-संलग्न खात्यात जमा होतात, म्हणून खातं आधारला जोडलंय का हे प्रवेशाच्या आठवड्यातच बघा. हप्ता वेळेवर येईल असं धरून मात्र महिना आखू नका. खानावळवाला मंजुरीच्या मेसेजवर जेवू घालत नाही. आला की तो पुढच्या सत्राचा पैसा समजा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की डी.एड.ला असताना तुम्ही महिना तीनशे रुपयांत काढलात. काढला असेल. तुमच्या आधीच्या पिढीतली मुलं पुण्यात वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी, जेवत, ती तुमचे तीनशे ऐकून काय म्हणाली असती? मुलाला ही गोष्ट जरूर सांगा, पण पैसे मागायला फोन केला असेल तेव्हा नको.

राहिला वहिनींचा प्रश्न, की एसटीने दर पंधरा दिवसांनी डबा पाठवते तो आता बंद करू का. मुळीच नको. फक्त लाडू आणि चिवडा खोलीतली चार पोरं दोन दिवसांत संपवतात. त्याऐवजी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी जास्त पाठवा, दोन-तीन रविवारच्या रात्री निघतील.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक